फाटकावरच्या सहा गाद्या

ज्या घरात रोज चूल पेटते, तिथं राख गोळा करायला जावं लागत नाही. ती आपोआप साठते. ट्रकच्या अड्ड्यावरचे किस्से असेच. मी काही ते जमवले नाहीत. चिंचवडच्या अड्ड्यावर सहा ड्रायव्हरांच्या भाकरी थापत होते आणि थापता थापता कान उघडे होते, बस्स. आज उपसायला बसले तर घमेलं पुरत नाही!

परवा ही राख उकरली ती नातवानं. तो चाकणला एका कंपनीत साहेब आहे. विचारलं, "काम काय करतोस रे?" तर म्हणाला, "आजी, ट्रक ड्रायव्हरना कंपनी आपली वाटली पाहिजे, आपल्याला इथं किंमत आहे असं वाटलं पाहिजे. त्याचे प्रोग्रॅम करतो."

"याचा पगार मिळतो?"

"मिळतो की!"

म्हटलं, "मग बस खाली. आमच्या दामलेसाहेबांचं ऐक. मी फुकट सांगते."

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. अड्डा म्हणजे मुंबई रस्त्याला लागून एक पत्र्याचं ऑफिस, एक फाटक, ड्रायव्हरांची झोपायची खोली, माझं स्वयंपाकघर आणि लष्कराच्या लिलावातून घेतलेले सहा ट्रक. चाकणच्या बाजारातून कांदा-बटाटा भरायचा, खंडाळ्याचा घाट उतरून मुंबईला टाकायचा. मालक पुण्यात; दसऱ्याला पूजेपुरते यायचे. मी सव्वीसची, पण सांगायचे पस्तीस. नवरा गेलेला, आणि पस्तिशीच्या बाईशी लोक जरा अंतर ठेवून बोलतात! शाळेची पायरी मी चढले नाही. अक्षरं शिकले ती पोत्यांवरच्या छापांवरून. पहिला शब्द वाचला तो 'चाकण', दुसरा 'बटाटा'. वर्षाच्या आत अख्खा पेपर वाचत होते, आणि कुणाच्या उपकारानं नव्हे.

अड्ड्याला रोग एकच, ड्रायव्हर टिकत नव्हते. नाक्यापलीकडं दुसरी ट्रान्सपोर्ट निघाली होती आणि तिचा डोळा आमच्या उस्मानभाईवर होता. उस्मानभाई चाकणचा, पन्नाशीला आलेला, लष्करात गाडी चालवून आलेला. पंधरा वर्षांत घाटात त्याच्या गाडीला ओरखडा नाही. बाकीचे पाच जण त्याच्याकडं बघून चालायचे. तो गेला की पाच जाणार, पाच गेले की मालक गाड्या विकणार, गाड्या गेल्या की माझी चूल विझणार. हे होऊ नये म्हणून मालकांनी पुण्याहून मॅनेजर आणला. तेच दामले. पांढरी पँट, खिशाला दोन पेनं, आणि कामगारांना खूश कसं ठेवावं यावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक!

* * *

आमच्या ऑफिसला एक खिडकी होती. हातभर रुंद, गजांची. ड्रायव्हरनं बाहेर उन्हात उभं राहायचं, आणि कुठं माल भरायचा, कुठं उतरवायचा याची चिठ्ठी आतून बाहेर यायची. आत पाऊल टाकायची सोय नव्हती. ही पद्धत दामल्यांच्या आधीची, पण त्यांनी दारावर सुबक अक्षरात पाटी लावून ती पक्की केली: 'परवानगीशिवाय आत येऊ नये.'

आल्या आल्या दामल्यांनी ड्रायव्हर लोकांना भाषण दिलं. तेही खिडकीतूनच! बाहेर सहा जण ओळीनं उभे, आत दामले पंख्याखाली.

"तुम्ही नुसते ड्रायव्हर नाही," दामले म्हणाले, "तुम्ही या संस्थेचा कणा आहात!"

चिखलीचा ज्ञानोबा सगळ्यात पुढं होता. त्याच्या तोंडाला कधी फाटक नव्हतं. तो म्हणाला, "व्हय सायेब. पर कणा अंगाच्या आत असतोय न्हवं? आमी हितं भाईर काय करतोय?"

दामल्यांनी त्या दिवशी भाषण आटोपतं घेतलं.

* * *

मग आली सूचना पेटी. लाकडी, हिरवा रंग, वर फट, खाली कुलूप. 'आपल्या अडचणी निःसंकोच लिहून टाकाव्यात.'

आता सहा जणांत लिहिता येणारे किती? शून्य! तरी मी एकाच्या वतीनं लिहून दिलं, 'खोलीतल्या खाटांना ढेकूण आहेत, झोप लागत नाही, झोप न झालेला माणूस घाटात गाडी दरीत घालतो.' आठ दिवसांनी फळ्यावर उत्तर लागलं: 'सूचनेबद्दल आभार. सूचना विचाराधीन आहे.' मी मोठ्यानं वाचून दाखवलं. उस्मानभाईनं विचारलं, "अक्का, विचाराधीन म्हणजे कुठं?"

म्हटलं, "म्हणजे ढेकूण आहेत तिथंच आहेत."

पुढच्या सोमवारी दामल्यांनी पेटी टेबलावर घेतली, कुलूप काढलं आणि खुर्चीसकट मागं सरकले. आत एकही कागद नव्हता. काड्यापेट्या होत्या, सहा. त्यातली एक अर्धवट उघडी, आणि तिच्यातले रहिवासी टेबलभर फिरायला निघालेले!

दामले खिडकीत येऊन ओरडले, "हे काय आहे?"

उस्मानभाई शांतपणे म्हणाला, "साहब, लिहिता येत नाही ना. म्हणून सॅम्पल टाकलं."

खाटा दुसऱ्या दिवशी उन्हात निघाल्या. आभाराचा फळा मात्र महिनाभर तसाच होता.

* * *

दामले हरणारा माणूस नव्हे, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. पुस्तकाचं पान उलटलं की नवी योजना. पुढची योजना, 'आदर्श ड्रायव्हर'. दर तीन महिन्यांनी एकाची निवड करायची आणि त्याचा फोटो ऑफिसात लावायचा.

पहिला मान उस्मानभाईचा. पिंपरीच्या कॅम्पातून फोटोवाला आणला, कोट त्याचाच भाड्यानं घेतला, केसाला तेल मी दिलं. फोटो झकास आला. काचेच्या चौकटीत बसला आणि दामल्यांच्या डोक्यावरच्या भिंतीला लागला. त्याखाली वेताची रिकामी खुर्ची, वर पंखा.

आणि उस्मानभाई? तो चिठ्ठी घ्यायला बाहेर उन्हात उभा, गजांना नाक लावून आपलाच फोटो बघतोय!

दुपारी जेवताना मला म्हणाला, "अक्का, तुला आत जाता येतं ना?"

"येतं. चहा द्यायला जाते."

"मग जरा त्या फोटोला विचार, पंख्याची हवा कशी लागते. मी विचारलं असतं, पण त्याला परवानगी आहे, मला नाही."

हसला नाही. म्हणून मला ते लागलं. नाक्यापलीकडचा माणूस त्या आठवड्यात दोनदा येऊन त्याच्याशी बोलून गेला होता, हे मला माहीत होतं. उस्मानभाईनं त्याला सांगितलं होतं, "दसऱ्याला कळवतो."

* * *

मध्ये एक किस्सा माझा. माझाच आहे, तेव्हा थोडक्यात सांगते.

दामल्यांनी रविवारी 'मोकळ्या गप्पांचा तास' सुरू केला. सतरंजी, चहा, बिस्किटं. "बोला, मनात काय आहे ते बोला!" सहा जण बिस्किटं खायचे आणि सतरंजीवरचे पट्टे मोजायचे. तास संपला की उठून माझ्या चुलीपाशी यायचे, आणि मग जे काही तोंड सुटायचं! मालक, मॅनेजर, रस्ता, ब्रेक, सासुरवाडी, कुणी म्हणून सुटत नसे.

हे दामल्यांना कळलं. एका रविवारी स्वयंपाकघराच्या मागच्या कुडाआड मला पांढरी पँट दिसली. साहेब कान लावून बसलेले! मी तवा ठेवला, कोरडा तापवला आणि मूठभर लाल मिरच्या टाकल्या. ड्रायव्हर लोक शहाणे, आधीच अंगणात पळाले. वारा कुडाकडंच होता.

साहेब खोकत खोकत, डोळे पुसत बाहेर आले तेव्हा मी तांब्याभर पाणी पुढं केलं. "साहेब, मन ऐकायचं असेल तर पुढच्या दारानं या. पाट मांडते."

"हौसाबाई, तुम्ही फार उर्मट आहात," दामले म्हणाले.

"व्हय," म्हटलं, "पण भाकरी मऊ असते माझी."

* * *

मला गप्प करणारा माणूस एकच, उस्मानभाई. एकदा मुंबईला नणंदेकडं जायचं म्हणून त्याच्या ट्रकमध्ये बसले. वडगाव आलं, कामशेत आलं, लोणावळा आलं, माझं तोंड चालूच. खंडाळ्याला त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडं वळून बघितलं.

"अक्का, आता घाट. घाटात बोलायचं नसतं."

"का? घाट तुझ्या बापाचा आहे?"

"गाडी बोलते ना. ती काय म्हणते ते ऐकायचं."

खोपोलीपर्यंत मी तोंडातून शब्द काढला नाही. घरी सांगितलं तर कुणाला खरं वाटेना!

* * *

आता गाद्यांचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्या लिलावाच्या ट्रकांच्या सीटमधून स्प्रिंगा वर यायच्या. म्हणून प्रत्येक ड्रायव्हर आपली गादी घरून आणायचा. ती बायकोनं नाहीतर आईनं शिवलेली असायची. उस्मानभाईची त्याच्या बायकोनं, आयेशाभाभीनं, आपल्या जुन्या साड्यांची शिवली होती, आत सावरीचा कापूस. तिच्यावर दुसऱ्याला बसू देत नसे. मला त्यानं घाटात नेलं, पण बसवलं पोत्यावर!

आणि या गादीची एक रीत होती. ड्रायव्हर आजारी पडला, गावी गेला, तरी गादी सीटवर राहायची. म्हणजे तो येणार. नोकरी सोडायची झाली की गादी काखेत मारायची आणि चालू पडायचं. राजीनामा नाही, भांडण नाही. आणि मालकाला कुणाला काढायचं झालं, तर त्याची गादी सकाळी फाटकावर ठेवलेली असायची. तोंडानं 'जा' म्हणायची वेळ येत नसे, माणसाचा आब राहायचा. एकदा उस्मानभाई तापानं पंधरा दिवस चाकणला पडून होता. 'गेला तो नाक्यापलीकडं' अशी आवई उठली. मी ट्रकपाशी गेले, पायरीवर चढून आत बघितलं. गादी जागेवर. येऊन कणीक भिजवायला घेतली.

ही रीत अड्ड्यावरच्या कुत्र्यालाही माहीत होती. दामल्यांना कुणी सांगितली नव्हती. सांगणार कुठून? खिडकीतून?

* * *

दसऱ्याच्या सकाळी सहाही जण पवनेवर आंघोळीला गेले. येताना ट्रकांसाठी झेंडूच्या माळा आणणार होते. मी कॅम्पात नारळ आणायला गेले होते. जायला नको होतं.

तेवढ्या वेळात दामल्यांनी पुस्तकातली शेवटची आणि सगळ्यात मोठी योजना पार पाडली. पुण्याहून सहा नव्याकोऱ्या गाद्या मागवल्या होत्या. लाल रेक्झिनच्या, वर सोनेरी अक्षरात कंपनीचं नाव! त्या सहा ट्रकांत बसवल्या. जुन्या गाद्या काढल्या. टाकल्या नाहीत हं, माणूस व्यवस्थित. प्रत्येक गादीची सुतळीनं वळकटी बांधली, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी लावली, आणि कुणाची हरवू नये म्हणून सहाच्या सहा ओळीनं फाटकावर ठेवल्या.

मी नारळ घेऊन आले तर सहा जण फाटकाबाहेर उभे. डोकी ओली, हातात झेंडू. कुणी काही विचारलं नाही. उस्मानभाई पुढं झाला. माळ फाटकाच्या खांबाला अडकवली, आपली गादी उचलली, काखेत मारली आणि निघाला. मग दुसरा. मग तिसरा.

मी धावत ऑफिसात गेले. दामले पेढ्यांचा खोका उघडून बसले होते.

"साहेब, काय केलंत हे?"

"सन्मान!" दामले हसत म्हणाले. "सरप्राईज आहे. आले का सगळे?"

"आले आणि गेले! तुम्ही सन्मान करून सहाच्या सहा जणांना कामावरून काढलंत!"

दहा वाजता मालक पूजेचं ताट घेऊन आले. सहा ट्रक, सहा लाल गाद्या, ड्रायव्हर एक नाही. मालकांनी ताट बॉनेटवर ठेवलं आणि दामल्यांना एवढंच म्हणाले, "आठ दिवस. नाहीतर गाड्या लिलावातून आल्या, लिलावात जातील."

* * *

दामल्यांनी आधी पत्रं लिहिली. सहा. शुद्ध मराठीत, एकसारखी. तिसऱ्या दिवशी ज्ञानोबा ती सगळी पत्रं गोळा करून घेऊन आला. कुणाकडं? माझ्याकडं! वाचणार कोण दुसरं?

मी वाचलं, "'आपण आमच्या परिवाराचे अविभाज्य घटक असून झालेल्या प्रकारामागील हेतू शुद्ध होता, याची नोंद घ्यावी.'"

ज्ञानोबानं डोकं खाजवलं. "म्हंजी काय, अक्का?"

"म्हणजे 'चुकलो' असं लिहायला पेन चालत नाही."

पत्रं मी चुलीत घातली आणि ऑफिसात गेले. दामले फोटोखाली एकटे बसले होते. पुस्तक मिटलेलं.

"हौसाबाई, नाक्यापलीकडं गेला का हो उस्मान?"

"अजून नाही. घरी आहे. पण किती दिवस राहील?"

"मग मी काय करू?"

"गादी ज्यानं काढली, त्यानं आणून ठेवायची. दुसरं काही नाही."

"मी? चाकणच्या भर बाजारातून? गादी घेऊन?"

"डोक्यावर नको, काखेत घ्या. चालेल."

* * *

एस.टी.नं गेलो, मी आणि दामले. उस्मानभाई दारात दाढी करत होता. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि गालावर पुन्हा साबण लावला. बोलली ती आयेशाभाभी. उंबऱ्यावर उभी राहून तिनं विचारलं, "मेरी बनाई हुई गादी रास्ते पे रखनेवाले साब कौन?"

दामले काहीतरी लांबलचक बोलायला गेले. हेतू वगैरे. मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं.

"मी," दामले म्हणाले. "चुकलो."

एवढंच! इतक्या महिन्यांत त्या माणसाचं एवढं लहान भाषण मी ऐकलं नव्हतं. भाभी आत गेली, गादी घेऊन आली, आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात ठेवली.

परतीच्या एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "साहेब, ते बोचकं टपावर टाका." दामल्यांनी गादी दोन्ही हातांनी आवळली. "नाही. मांडीवरच राहील." उस्मानभाई त्याच गाडीत सगळ्यात मागं बसला होता, ओळख नसल्यासारखा.

अड्ड्यावर बातमी आधीच पोचलेली. पाचही जण फाटकाशी. दामले गादी घेऊन आले तसा ज्ञानोबा म्हणाला, "सायेब, माझी गादी गोठ्यात म्हशीम्होरं पडलीय. ती न्यायला कधी येताय?"

सगळे हसायला तोंड उघडतात तोच दामले म्हणाले, "उद्या सकाळी येतो."

हसू तिथंच विरलं. ज्ञानोबा खाली बघून पुटपुटला, "ऱ्हाऊ द्या. म्हस मारकी हाय. मीच आणतो."

दामल्यांनी ट्रकचं दार उघडलं, लाल गादी काढली, साड्यांची गादी सीटवर ठेवली, हातानं सारखी केली आणि खाली उतरले. उस्मानभाई वर चढला. बसला मात्र नाही. गादी उचलली, पलीकडच्या बाजूला नेऊन अंथरली, आणि आपल्या जागी बटाट्याचं रिकामं पोतं टाकून बसला.

"साहब," त्यानं हाक मारली, "चाकणला माल थांबलाय. भरून मुंबईला जाऊन येऊ. बसा."

दामल्यांनी आपल्या पांढऱ्या पँटकडं बघितलं. मग ऑफिसकडं बघितलं. मग चढले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रक परत आला. पंगत बसली होती. मी हातातली भाकरी तव्यावर टाकून आधी ट्रकपाशी गेले, पायरीवर चढून बघितलं. गादी उजव्या बाजूला, आपल्या जागी. परत आले तर दामले हात धुऊन, उस्मानभाई आणि ज्ञानोबाच्या मध्ये मांडी घालून बसलेले. पँट कुठल्या रंगाची होती ते सांगता येणार नाही.

मला कुठं राहवतंय! ताट वाढता वाढता विचारलं, "काय साहेब, जाता-येता एवढा वेळ मिळाला. काय काय बोलणं झालं उस्मानभाईशी?"

दामल्यांनी ताट पुढं ओढलं.

"घाटात बोलायचं नसतं, अक्का," म्हणाले.